ओढून पाहिलेली तार

माझ्या ताईला हँगरमध्ये सगळे ओढाताई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला काही नव्हतं. विमानातली कुठलीही तार बसवून झाली, की ती अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात धरून एक हिसका द्यायची. फार जोरात नाही. दाराला कडी नीट लागली की नाही ते बघायला आपण जेवढं ओढतो, तेवढंच. तार जागची हलली नाही तर पुढची. हातात आली तर म्हणायची, "बरं झालं, इथेच सुटली."

हे खूळ तिला नोकरीनं लावलेलं नाही. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई सकाळी लवकर कामावर जायची, त्यामुळे माझी शाळेची तयारी ताईकडे. मला दारात उभं करून ती शर्टाचं एकेक बटण ओढून बघायची. मग दप्तराचा पट्टा, मग बुटाची नाडी. एखादं बटण हातात आलं की हेच वाक्य, आणि मग ती सुई-दोरा शोधेपर्यंत मी दारात ताटकळत. उशीर झाल्याबद्दल शाळेत छड्या मी खायच्या. ओढलं नसतं तर ते बटण आणखी वर्षभर टिकलं असतं, असं माझं म्हणणं होतं. या मुद्द्यावर आमचं कधी जमलं नाही.

विमान चालवायला शिकवणाऱ्या एका शाळेच्या हँगरमध्ये तिनं एकतीस वर्षं विजेचं काम केलं. मी तिथेच स्टोअर सांभाळतो. ही नोकरी तिनंच मला लावली. हे ती कधीच बोलून दाखवत नाही, म्हणून जास्त टोचतं.

आमची विमानं छोटी, दोन नाहीतर चार माणसांची. जुनी विमानं साधी होती. त्यांचं इंजिन आपली ठिणगी आपणच पाडायचं. हवेत असताना बॅटरी संपली तर दिवे जायचे, रेडिओ बंद पडायचा, पण इंजिन आपल्या तंद्रीत चालत राहायचं. त्यामुळे हँगरमध्ये विजेच्या कामाला फारसा मान नव्हता. इंजिनवाले मिस्त्री ताईला म्हणायचे, तुझी एखादी तार सुटली तर पायलट गप्प बसेल, आमचा एखादा नट सुटला तर तो कायमचा गप्प बसेल. ती हसायची आणि पुढची तार ओढायची.

मग शाळेनं तीन नवी विमानं घेतली. त्यांच्या इंजिनात किती इंधन जायचं, केव्हा जायचं, सगळं कॉम्प्युटर ठरवतो. पायलटच्या हातात एकच दांडा. तो पुढे केला की बाकीचं कॉम्प्युटर बघून घेतो. फार सोय झाली. मात्र कॉम्प्युटरला वीज नाही मिळाली, तर इंजिन तिथल्या तिथे थांबतं. म्हणून बॅटऱ्या दोन आणि कॉम्प्युटरही दोन. एक गेला तर दुसरा आहेच, असं विकणाऱ्यांनी सांगितलं, मोठ्या साहेबांनी मान डोलावली आणि इंजिनवाले मिस्त्री त्या दिवसापासून ताईशी जरा अदबीनं बोलू लागले.

चौपन्नाव्या वर्षी ती या विमानांचं शिक्षण घ्यायला सहा आठवडे परगावी जाऊन राहिली. जाताना मी तिला म्हटलं, बाकीचे तुझ्या निम्म्या वयाचे असतील. परत आली ती एक जाडजूड वही भरून घेऊन. पहिल्याच दिवशी तिनं मला विमानापाशी बोलावलं आणि टॉर्चच्या उजेडात एक जागा दाखवली. दोन्ही कॉम्प्युटरच्या काळ्या तारा, म्हणजे वीज परत जायच्या तारा, एके ठिकाणी मिळत होत्या आणि तिथून एकच जाड तार निघून विमानाच्या सांगाड्याला बोल्टनं आवळलेली होती. मी म्हटलं, मग?

"मग काय! जावा दोन, चूल एक," ती म्हणाली. "चूल विझली तर दोघी उपाशी."

तिनं विमान बनवणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं, मोठ्या साहेबांची सही घेऊन. दोन महिन्यांनी उत्तर आलं. आपल्या निरीक्षणाची नोंद घेतली आहे, आभारी आहोत. ते पत्र तिनं वहीत चिकटवून ठेवलं.

बोटांचं मला कळलं ते वासावरून. एके दुपारी मी तिला डाख लावायची तार नेऊन दिली, तर ती टेबलाशी बसून तापलेला सोल्डरिंग आयर्न धरून काम करत होती आणि काहीतरी जळत होतं. मी इकडेतिकडे पाहिलं. तिचंच बोट जळत होतं. तिनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग बोटाकडे, आणि आयर्न स्टँडवर ठेवला. ओरडली नाही, कारण ओरडण्यासारखं तिला काही झालंच नव्हतं.

साखर होती तिला, बारा वर्षांपासून. डॉक्टरांनी सांगितलं की बोटांच्या नसा गेल्या आहेत, थोडं अजून जाईल, गेलेलं परत येणार नाही. तिनं हे हँगरमध्ये कुणालाही सांगितलं नाही. मीही नाही. तिच्याशिवाय त्या तीन विमानांच्या विजेच्या कामावर सही करायचा परवाना कुणाला नव्हता, आणि त्या परवान्याशिवाय ती कोण होती, हा प्रश्न तिनं विचारला नाही, मीही काढला नाही. आमच्या घरात असे प्रश्न काढायची पद्धत नाही.

काही दिवस ती तारा दातानं ओढायची. खरं सांगतो. विमानाच्या पोटात डोकं घालून, कुणी बघत नाही असं पाहून, तार दातात धरून हिसका द्यायची. जीभ आणि ओठ अजून शाबूत होते. पण विमानात सगळीकडे तोंड पोचत नाही. मग एक दिवस तिनं स्टोअरच्या जाळीवर टकटक केली आणि म्हणाली, जरा टॉर्च धरायला ये.

टॉर्च हे निमित्त. ती म्हणाली, "ती लाल धर. ओढ. काय वाटतं?"

मी म्हटलं, तार वाटते.

"हलली?"

"नाही."

"मग ठीक," असं म्हणून तिनं कागदावर खूण केली.

तेव्हापासून दोन वर्षं डोळे तिचे आणि बोटं माझी. मी साधा स्टोअरकीपर, स्क्रू आणि वॉशरच्या पलीकडे मला काही कळत नाही, आणि माझ्या हिसक्यावर ती सही करत होती. हे बेकायदा आहे हे दोघांनाही ठाऊक होतं. बरोबर की चूक, हा विचार मी केला नाही. बहीण बोलावते, भाऊ जातो. तिच्या हाकेला ओ देताना मी कुरकुर मात्र भरपूर करायचो. दिवसातून सात-आठ वेळा जाळीवर टकटक व्हायची. मी पावती अर्धी टाकून जायचो, गुडघ्यावर बसायचो, हात घालायचो, ओढायचो. दोन वर्षांत हजारोंनी तारा ओढल्या असतील. एकही सुटली नाही.

ज्या दिवसाबद्दल सांगायचं आहे, त्या दिवशी तिनं नव्या विमानांपैकी एकाच्या त्या जाड काळ्या तारेचं टोक बदललं होतं. टोकाला तांब्याचं लग असतं, बांगडीसारखं गोल, बोल्ट त्यातून जातो. जुन्या लगला हिरवा गंज धरला होता, म्हणून तिनं ते कापून नवं बसवलं. तारेवर लग बसवायची पक्कड असते. तिला तीन खाचा, बारीक, मध्यम, मोठी. मधल्या खाचेत दाबायचं ते तिनं मोठ्या खाचेत दाबलं. पक्कड किती जोरात मिटली हे पूर्वी तिच्या तळव्याला कळायचं. आता कळलं नाही. वरून बघितलं तर लग छान बसल्यासारखं दिसत होतं.

जाळीवर टकटक झाली. माझी कंबर त्या आठवड्यात धरली होती. ती जागा तर पायलटच्या पायांपाशी, पाठीवर पडून डोकं आत घालावं लागतं. सकाळी आमचं एक क्षुल्लक भांडणही झालं होतं, तिच्या डब्याचं झाकण मी हरवलं म्हणून. मी कण्हत आत शिरलो. हात लांब केला. तारेला बोटं लागली. ती बाहेरून टॉर्च धरून उभी होती, मला तिचे फक्त बूट दिसत होते. ओढायला कोपर मागे घ्यावं लागलं असतं, आणि कोपर मागे घेतलं की कंबरेतून कळ येत होती. आजवर एकही सुटली नव्हती.

तिनं विचारलं, "ओढलीस?"

"हो."

"हलली?"

"नाही."

मी हात लावला होता. ओढली नव्हती.

ते विमान नऊ दिवस उडालं. दहाव्या दिवशी सकाळी मास्तर एका शिकाऊ मुलीला घेऊन निघाले. मास्तर म्हणजे आमचे सगळ्यात जुने शिक्षक, शिट्टी वाजवत चालणारे. विमान जमिनीपासून जेमतेम दोनशे मीटर वर गेलं असेल, तेव्हा इंजिन थांबलं. खोकलं नाही, अडखळलं नाही, थांबलं. दोन्ही कॉम्प्युटर एकाच क्षणी गेले. मास्तरांनी ते धावपट्टीपलीकडच्या खडीच्या मैदानात उतरवलं. मुलीला खरचटलंसुद्धा नाही. मास्तरांचा उजवा घोटा गेला. आता ते काठी घेऊन चालतात आणि वर्गात फळ्यावर शिकवतात. मुलगी परत आली नाही.

मला फोनवर कळलं तेव्हा मी रबरी वॉशर मोजत होतो. ऐकून घेतलं आणि मोजणी पुरी केली. एकशे बारा होते. मला काही वाटलं नाही, हे मी नंतर बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, धक्का बसला असेल. असेल.

चौकशीला बाहेरून एक अधिकारी आले. चांगला माणूस, हळू बोलणारा. त्यांनी टेबलावर ती तार ठेवली, शेजारी लग. लग बोल्टवर घट्ट होतं, तार त्यातून निसटून आली होती. मी कागदपत्रं घेऊन त्याच खोलीत होतो, कारण लग स्टोअरमधून गेलेलं, त्याची पावती माझी. त्यांनी ताईला विचारलं, लग कुणी बसवलं. ती म्हणाली, मी.

"ओढून पाहिलं होतं?"

"हो."

"कुणी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, "मी. माझ्या हातानं."

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. मी पावती पुढे केली, तिच्यावर सही केली आणि बाहेर आलो. तोंड उघडायला मला एवढा वेळ होता, की त्यात माणूस चहा करून पिऊ शकला असता.

ती मग स्वतःच बोटांचं बोलली. परवाना गेला. मोठ्या साहेबांनी तिला पुढच्या महिन्यात निवृत्त केलं, आठ महिने आधी, बिनबोभाट. वर्षभरानं कंपनीचं पत्रक आलं, दोन्ही कॉम्प्युटरच्या काळ्या तारा यापुढे वेगवेगळ्या बोल्टवर आवळाव्या. ते मी तिला नेऊन दाखवलं. तिनं वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, बरं केलं.

ती एकटी राहते. भावोजी जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीतून समोरच्या शिंप्याचं दुकान दिसतं. निवृत्त झाल्यावर पहिले काही आठवडे ती बरी होती. मग तिनं गॅस पेटवणं सोडलं. आधी चारचारदा बटण बंद आहे का बघायची, मग पेटवायचीच नाही. मग रस्ता एकटीनं ओलांडायची नाही. मग दाराला कुलूप लावून, परत उघडून, परत लावून शेवटी बाहेर जाणंच बंद. बोटं गेलेली बाई विस्तवाला भिते, असं बायकोला वाटायचं. मीही तसंच म्हणायचो. तिच्या घराची एक किल्ली मी ठेवून घेतली आणि रोज सकाळ-संध्याकाळ जाऊ लागलो. गॅस मी पेटवायचा, चहा मी करायचा, आंघोळीच्या पाण्यात कोपर घालून ते मी बघायचं, गॅस मी बंद करायचा. दोन वर्षं हे चाललं. मला ते जड वाटायचं नाही आणि हलकंही वाटायचं नाही. दात घासतो तसं जायचो.

आणखी एक गोष्ट तिनं सोडली होती. ती काहीच ओढून बघत नव्हती. पडद्याची दोरी, पिशवीचा बंद, काही नाही. हे माझ्या लक्षात आलं होतं, पण मी त्याकडे बघितलं नाही.

एका संध्याकाळी चहा गाळताना मी सहज म्हटलं, ताई, निदान दिवा तरी लावत जा, अंधारात काय बसतेस. ती खुर्चीवर बसली होती, हात मांडीवर उताणे ठेवून. म्हणाली, बटणाचं काय सांगावं. मी म्हटलं, बटणाला काय होतंय? तेव्हा ती बोलली. शांतपणे, जसं कुणी किराणा सांगतं.

"बोटं गेली त्याचं काही नाही रे. लग मी चुकीचं दाबलं, तेही मान्य. माणूस चुकतो, म्हणून तर ओढून बघायचं. पण ती ओढली होती. तू ओढलीस, हलली नाही म्हणालास, आणि तरी सुटली. एकतीस वर्षं मी लोकांना सांगत आले, ओढून बघितलेली तार सुटत नाही. ती सुटते. मग मी काय म्हणून काही ओढून बघू? गॅस बंद दिसतो. असेल की नसेल. दार लागलेलं दिसतं. कुणी सांगावं."

चहा गाळून झाला होता. मी गाळणं हातात धरून उभा राहिलो. मला कळलं, की ही दोन वर्षं मी जिचा गॅस पेटवत होतो तिला विस्तवाची भीती नव्हतीच. तिच्या हातातून मी जे काढून घेतलं होतं ते दुसरंच होतं, आणि ते परत द्यायला एक वाक्य पुरत होतं. ते वाक्य माझ्याशिवाय जगात कुणाजवळ नव्हतं. तिच्यासमोर मी धाकटा भाऊ म्हणून उभा होतो, तिची बोटं होतो, तिनं चौकशीत वाचवलेला माणूस होतो. वाक्य बोललो की यातलं काही उरणार नव्हतं. मी गाळणं मोरीत ठेवलं.

"ताई, मी ओढली नव्हती."

तिनं मान वर केली.

"कंबर दुखत होती. हात लावला आणि हो म्हणालो."

खाली रस्त्यावर शिंपी दुकानाचं शटर ओढत होता. ते खाली आदळलं. मग तिनं विचारलं, "अजिबात नाही? थोडीसुद्धा?"

"अजिबात नाही."

तिनं मोठा श्वास सोडला. मला वाटलं ती रडेल, नाहीतर हात उचलेल. लहानपणी उचलायची. तिचा चेहरा मात्र सैल पडला, कित्येक महिन्यांत मी तो तसा पाहिला नव्हता.

"मग बरोबर आहे," ती म्हणाली. "ओढली असती तर हातात आली असती."

"आली असती."

"मास्तरांचा पाय राहिला असता."

मी मान हलवली.

ती उठली. माझ्या बाजूनं ओट्यापाशी गेली, वाकली आणि सिलिंडरला जोडलेली गॅसची नळी मुठीत धरून तिनं हिसका दिला. नळी हलली नाही. मी केलेला चहा तिनं मोरीत ओतला. पातेलं विसळलं. काडी पेटवताना तिची बोटं ज्योतीच्या फार जवळ गेली. तिनं ते डोळ्यांनी बघितलं आणि मागे घेतली. गॅस पेटला. तिनं पातेल्यात पाणी टाकलं, एका कपाचं.

"किल्ली टेबलावर ठेव," ती म्हणाली. "उद्यापासून येऊ नकोस."

आवाज चढला नव्हता. मी किल्ली जुडग्यातून काढायला लागलो, तिची कडी घट्ट होती, नख मोडलं. किल्ली ठेवली. दारात क्षणभर थांबलो, का ते माहीत नाही. लहानपणी दारात थांबायची सवय होती, म्हणून असेल. ती पाण्याकडे बघत होती. मी दार ओढून घेतलं आणि जिना उतरलो.

याला आता सात महिने झाले. बायको जाऊन येते. सांगते, ताई बाजारात जातात, स्वतः रांधतात, दाराला कुलूप लावून एक हिसका देतात आणि निघतात. परवा शिंप्याच्या बायकोचा मिक्सर बंद पडला, तो डोळ्यांनी बघून नीट करून दिला म्हणे. माझं नाव काढत नाहीत. संध्याकाळी कामावरून येताना मी त्या रस्त्यानं येतो, थोडा लांबचा पडतो. कोपऱ्यावरून खिडकीत दिवा लागलेला दिसतो. मग घरी येतो.

बायको विचारते, तुम्हाला काही वाटत नाही का हो? मी सांगतो, नाही. खरं म्हणजे त्या 'नाही'लाही मी नुसता हात लावतो, ओढून बघत नाही.